तेवीस दिवसांची माफी

दुकानाची मागची खोली
तारीख २, सकाळ

तीर्थरूप मामांना थोरल्या भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. माझ्या वाकण्याला या पत्रात फार महत्त्व आहे, ते पुढे कळेल.)

तुमचे गुडघे जिना चढू देतात का, मामींचा खोकला गेला का, आणि तुम्ही अजून भिंतीवरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओशी जुळवून पाहता का, हे सगळं सविस्तर कळवा. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. गेली नऊ वर्षं मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि तुम्हीही मला लिहिलं नाहीत, त्यामुळे पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्ही ते न फोडताच परत कराल अशी धास्ती तुमच्या सूनबाईला वाटते. मी तिला म्हटलं, मामांचा जन्म टपाल खात्यात गेला, आलेलं पत्र पडू देणं त्यांच्या रक्तात नाही. (कोटाचा विषय पत्राच्या शेवटी येणार आहे. तोवर तुम्हीही काढू नका, मीही काढत नाही.)

तर मामा, बातमी अशी की मी कोर्टात जिंकलो! काल, भर दुपारी, चारचौघांसमोर जिंकलो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी एकूण सात वेळा चढलो, एकदा तर चुकीच्या कोर्टाचीही चढलो, आणि शेवटी ताठ मानेने उतरलो. आता मुळापासून सांगतो, म्हणजे तुम्हाला मजा कळेल.

आमच्या मागच्या खोलीतली उत्तरेकडची खिडकी तुम्हाला आठवत असेलच. वडिलांनी मशीन तिच्यासमोर मांडलं होतं, ते अजून तिथेच आहे. त्या खिडकीतून ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो, आणि काळा दोरा कोणता नि गडद निळा कोणता हे जगात फक्त त्या उजेडात कळतं. गेली एकतीस वर्षं ही तिथेच स्टुलावर बसून काज करते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दिव्याखाली काज जमत नाही, खिडकीत जमतं. म्हणजे खिडकी गेली की तिचं काम गेलं, आणि ती घरात जाऊन बसली की दुकानात मी एकटा. मी दिवसभर जे बोलतो ते ऐकायला कोणी नाही, आणि मामा, खरं सांगतो, या एका विचारापायी मी ती पायरी सात वेळा चढलो. हे मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

शेजारच्या घरात पाच वर्षांपूर्वी एक दातांचा डॉक्टर आला. माणूस वाईट नाही. हात स्वच्छ, बोलणं मऊ, पँटची उंची मात्र कायम अर्धा इंच जास्त. दोन वर्षांपूर्वी त्याने आपली ती मागे कलणारी खुर्ची मागच्या खोलीत हलवली, आणि तिच्यावर आडवा झालेला माणूस थेट आमच्या खिडकीत पाहू लागला. आता एखादा अर्धा तास तोंड उघडून आपल्याकडे बघत असेल, तर आपण काय भिंतीकडे तोंड करून बसायचं? मी हात करायचो, धीर द्यायचो. एका बाईंना तर मी खुणेने कळवलं की दुखणारी दाढ ती नव्हे, पलीकडची. (तीच होती असं मागाहून समजलं, पण तोवर त्या खुर्चीतून उठून गेल्या होत्या.) झालं, डॉक्टरने दावा ठोकला. त्यात म्हटलं होतं की ही खिडकी मी दोन वर्षांपूर्वी नव्याने पाडली, त्यामुळे त्याच्या रोग्यांना संकोच होतो, सबब ती विटा लावून बुजवावी. दोन वर्षांपूर्वी! वडिलांना जाऊन चोवीस वर्षं झाली, आणि त्यांचा धक्का लागून खिडकीच्या चौकटीचा उडालेला टवका अजून तिथे आहे.

त्याच्या रागाचं खरं कारण वेगळं होतं, आणि तुमच्यापासून काय लपवायचं? त्याची एक राखाडी पँट माझ्याकडे होती. मेहुण्याच्या लग्नासाठी टाकलेली. लग्न झालं, मेहुण्याला मुलगी झाली, ती मुलगी आता बालवाडीत जाते.

असो. बेलिफ समन्स घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की तीस दिवसांत हजर राहून उत्तर द्यावं. आता ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांना तारखा दिल्या, तो दुसऱ्याने दिलेली तारीख वाचतो कशी याचा तुम्हीच विचार करा. आमच्या धंद्यात गुरुवार म्हणजे पुढचा गुरुवार, आणि ‘नक्की गुरुवार’ म्हणजे त्याच्याही पुढचा. गिऱ्हाईकही काही कच्चं नसतं. शहाणी माणसं मला लग्नाची तारीखच दहा दिवस अलीकडची सांगतात. मी चार दिवस उशीर करतो, ती सहा दिवस आधी कपडे घेऊन जातात, आणि दोन्हीकडे समाधान. (लोक असं करतात हे मला धंद्याच्या एकविसाव्या वर्षी कळलं, तेही हिच्याकडून. तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.) तेव्हा मी समजलो की एवढं मोठं कोर्ट, तेही थोडं अंतर धरूनच सांगत असणार. एकेचाळिसाव्या दिवशी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेआधीच आलो अशा ऐटीत तिथे पोचलो.

खिडकीमागच्या कारकुनाने वही उघडली आणि निकाल लागल्याचं सांगितलं. एकतर्फी, म्हणजे दुसरी बाजू आलीच नाही म्हणून पहिलीचं ऐकून दिलेला. मी म्हटलं, “पण मी आलोय ना!”

“अकरा दिवस उशिरा आलात.”

“अकराच?”

त्याने चष्मा काढून मला नीट पाहून घेतलं. मग त्याने समजावलं की निकाल रद्द करून मागायचा तर तीस दिवसांत अर्ज करा, निकालाची नक्कल टपालाने घरी येईल. पुन्हा तीस! मला वाटलं, या लोकांना दुसरा आकडाच येत नाही.

नक्कल आली त्या दिवशी माझ्यासमोर बँडवाल्यांचे अठरा अंगरखे पडले होते, उभ्या कॉलरचे. कॉलरचा नमुना कापायला जरा जाड कागद लागतो. टेबलावर नवा कोरा जाड कागद होता. तुम्हाला पुढचं कळलं असेल, मला मात्र ते फार उशिरा कळलं. अठराच्या अठरा कॉलरी अशा बसल्या की बँडमास्तरने गळ्यात बोट घालून फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. पण अर्जाची मुदत ज्या ओळीत छापली होती ती कात्रणात गेली, आणि कात्रणं केरात.

मग एके सकाळी एक गवंडी आला आणि काही न बोलता आमच्या खिडकीचं माप घेऊ लागला. त्याने टेप इतका ढिला धरला होता की मला राहवेना. मी उठलो, दुसरं टोक ताणून धरलं, आणि म्हटलं, पाव इंच कमी घेतलंत, पुन्हा घ्या. आम्ही दोघांनी मिळून फार सुरेख माप घेतलं. त्याने आकडा कागदावर लिहिला, मी तपासला. तेवढ्यात हिने स्टुलावरून विचारलं, “माप कशाला घेताय?” तो म्हणाला, “विटा किती लागतील बघतोय.” तेव्हा कुठे मी हातातलं टेपचं टोक सोडलं.

हिने हातातलं काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला, चपला घातल्या आणि मला हाताला धरून वकीलबाईंकडे घेऊन गेली. या वकीलबाई म्हणजे आमच्या गिऱ्हाईक. त्यांचा काळा कोट मी शिवलाय. (वेळेवर. त्यांनी तारीख बारा दिवस अलीकडची सांगितली होती.) त्यांनी दिवस मोजले. अर्जाची मुदत संपून तेवीस दिवस झाले होते. आता आधी तेवीस दिवसांच्या उशिराची माफी मागायची, ती मिळाली तर निकालाचा फेरविचार मागायचा, आणि तोही मिळाला तर मूळ भांडण पहिल्यापासून भांडायचं. वकीलबाई म्हणाल्या, पुरेसं कारण द्यावं लागेल, आणि तेही दिवसागणिक. मी वही काढून सांगू लागलो: पहिले सहा दिवस बँड, सातव्या दिवशी बॉबिन अडकली, आठव्या दिवशी बॉबिन निघाली म्हणून विश्रांती... त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. शेवटी त्यांनी अर्जात साधं सरळ लिहिलं की अर्जदाराला मुदतीचं महत्त्व समजलं नाही, चूक झाली, माफी असावी.

मला ते फार सपक वाटलं. साध्या कापडावर मी निदान एक खिसा तरी लावतो. म्हणून काल साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर न्यायाधीशांनी उशीर का झाला असं विचारताच मी कोणालाही न विचारता म्हटलं की पाठ धरली होती. तेवीस दिवस वाकता आलं नाही, चपलासुद्धा ही घालायची. वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला. हिने पदर तोंडाशी नेला. आणि मी पाठीवर हात ठेवून कण्हत असतानाच मला समोर जमिनीवर एक टाचणी चमकलेली दिसली.

मामा, तुम्ही शिंपी असता तर तुम्हाला समजलं असतं. जमिनीवर पडलेली टाचणी उचलायची हे आम्हाला ठरवावं लागत नाही. वडिलांनी सहाव्या वर्षी शिकवलं की पडलेली टाचणी म्हणजे उद्या कोणाच्या तरी पायात. मी पिंजऱ्यातून बाहेर आलो, कमरेत पार वाकलो, टाचणी उचलली, सवयीने शर्टाच्या कॉलरला खोचली, परत जागेवर उभा राहिलो आणि हात पुन्हा पाठीवर ठेवला. मग पट्टेवाला हसला, आणि मग सगळेच.

न्यायाधीश हसले नाहीत. वयस्कर, शांत माणूस. (झगा खांद्यात सैल होता, दोन्हीकडून बोटभर आत घ्यायला हवा.) त्यांनी विचारलं, “आता खरं सांगता का?” मग मी खरं सांगितलं. म्हटलं, साहेब, मी शिंपी आहे. मला तारीख दिसते, पण ती खरी आहे असं वाटत नाही. मी स्वतः दिलेली एकही तारीख खरी नव्हती, मग दुसऱ्याची कशी खरी मानू? त्यांनी निकालाची नक्कल मागितली. वकीलबाईंनी मान खाली घालून ती दिली. उभ्या कॉलरच्या आकाराचा आपलाच निकाल न्यायाधीशांनी उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि तीन-चार ओळी जेवढ्या शिल्लक होत्या तेवढ्या वाचल्या. मला वाटलं, संपलं. मी हिच्याकडे बघितलं. तिने डोळे पुसले, आणि ती हसत होती की रडत होती ते मला तिथून कळेना.

आणि इथे, मामा, दातांचा डॉक्टर माझ्या मदतीला धावून आला! त्याला वाटलं न्यायाधीश विरघळताहेत. तो ताडकन उठला. त्याचा वकील त्याचा कोट ओढतोय (सुंदर कापड, फाटेल म्हणून माझाच जीव वरखाली), पण तो काही थांबेना. ओरडला, “साहेब, या माणसाला एक दिवसाचीही माफी देऊ नका! याने कधी कुठली तारीख पाळली आहे? चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्याच्या त्या खिडकीत उभं राहून पँटचं माप दिलंय, अजून पँट नाही!”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “कोणत्या खिडकीत?”

“त्याच! मागच्या!”

“किती वर्षांपूर्वी?”

“चार!” आणि मग त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. दाव्यात दोन वर्षं लिहिलेली, आणि तोंडातून चार गेलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्याच्या तोंडात रोज हात घालणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड मिटता आलं नाही. वकीलबाई विजेसारख्या उठल्या आणि त्यांनी माझी मापांची वही पुढे केली. त्यात चार वर्षांपूर्वीच्या पानावर डॉक्टरची कंबर, उंची, त्याची सही आणि पुढे माझ्या अक्षरात ‘नक्की गुरुवार’.

न्यायाधीशांनी तेवीस दिवसांच्या उशिराची माफी दिली. एकतर्फी निकाल रद्द केला. म्हणाले, ज्या गोष्टीवर हा निकाल उभा आहे तीच डळमळीत दिसते, तेव्हा दोन्ही बाजू ऐकल्याच पाहिजेत. मग माझ्याकडे वळून म्हणाले की ही माफी एकदाच, पुढच्या मुदतीला एक दिवस जरी चुकलात तर गवंडी परत येईल. अटी लेखी आदेशात आहेत, त्या पाळा. मी इतका वाकून नमस्कार केला की त्यांना माझ्या पाठीची पुन्हा आठवण झाली असावी, कारण या वेळी ते हसले. बाहेर व्हरांड्यात लोक माझे हात हातात घेत होते, पट्टेवाल्याने आपला शर्ट शिवायला टाकू का असं विचारलं, आणि दातांचा डॉक्टर आपलेच दात घशात गेल्यासारखा गप्प निघून गेला. मी मोठ्या मनाने त्याच्यामागे जाऊन पँट आठवड्यात देतो म्हणणार होतो, पण वकीलबाईंनी दंडाला धरलं. पँट आता पुरावा आहे, तिला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या उशिराला कायद्याचा आधार मिळाला.

आज सकाळी ही नेहमीच्या वेळेला स्टुलावर येऊन बसली. मी मशीनवर, ती खिडकीत. समोरच्या खुर्चीतल्या रोग्याने आम्हाला हात केला. मी नाही केला, वकीलबाईंनी मनाई केली आहे. हिने मात्र केला.

मामींना नमस्कार. तुमचा आशीर्वाद असाच राहू द्यावा.

तुमचा विजयी भाचा

ता. क. एक बारीकसं काम आहे. तुम्ही नोकरीच्या पहिल्या मुलाखतीसाठी वडिलांकडे कोट शिवला होतात, तेव्हा माप देताना काढलेला फोटो तुमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. तुम्ही हात पसरून उभे, वडील तोंडात टाचण्या धरून वाकलेले, आणि मागे चौकटीसकट खिडकी. पाठीवर फोटोवाल्याचा शिक्का आणि साल आहे. वकीलबाई म्हणतात, जिंकलो म्हणजे फक्त आपलं म्हणणं ऐकायला कोर्ट तयार झालंय, जिंकायचं अजून बाकी आहे. आणि तो फोटो व तुमची साक्ष असली तर डॉक्टरला बोलायला जागा उरणार नाही. लेखी उत्तर आणि पुरावे चौदा तारखेच्या आत द्यायचे आहेत. आदेशाची नक्कल काल वकीलबाईंनी परस्पर हिच्याकडे दिली, माझ्या हातात द्यायला दोघी तयार नाहीत. तारीख किती म्हणून मी विचारलं, तर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चौदा म्हणाल्या.

आणखी ता. क. वर तारीख दोन घातली आहे, पण आज अकरा आहे. मधले नऊ दिवस हे पत्र पट्टेवाल्याच्या शर्टाच्या कापडात गुंडाळलं गेलं होतं. तेव्हा वाचताक्षणी निघा. तीनच दिवस उरलेत, मी रात्री उठून तारीख बघतो.

शेवटचा ता. क. कोटाबद्दल. तुमच्या निवृत्तीच्या समारंभाला तुम्हाला दुसऱ्याचा कोट घालून उभं राहावं लागलं, ते मी विसरलेलो नाही. कोट जवळजवळ तयार आहे. फक्त बाह्या राहिल्या आहेत.

मामा, तुमच्या सूनबाईचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मागच्या बाजूला चार ओळी लिहिते. चौदा तारखेची घाई करू नका. खरी तारीख सव्वीस आहे. यांना सांगू नका, आयुष्यात पहिल्यांदाच हे एखाद्या तारखेला घाबरलेत, कागद सगळे कालच तयार करून ठेवलेत. कोट त्याच वर्षी पुरा झाला होता, तुमच्या समारंभानंतर चौथ्या दिवशी. द्यायला तोंड नव्हतं, म्हणून दर वर्षी त्या महिन्यात बाह्या उसवतात, रात्री जेवत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी परत लावतात. नऊ वेळा झालं. काल ते बाहेर गेले असताना मी बाह्या पक्क्या शिवून टाकल्या, आता उसवणार नाहीत. या. कोर्टात तोच घालून उभे राहा.